यंदाची खारी

माझ्या सासूबाई स्लॅबच्या घरात राहायला आल्या, तरी दर वर्षी मृग जवळ आला की अंगणात उभ्या राहून वर बघायच्या आणि विचारायच्या, "खारी टाकी का रे?" घरातले सगळे हसायचे. टाकी म्हणजे टाकली, आणि खारी म्हणजे पांढरट, खारट माती. आमच्या खानदेशात मातीच्या सपाट छपराला धाबं म्हणतात आणि त्या धाब्यावर पावसाळ्याआधी दर वर्षी खारीचा नवा थर द्यावा लागतो. पाणी पडलं की ती माती फुगते, घट्ट बसते आणि थेंब खाली उतरू देत नाही. सिमेंटच्या स्लॅबवर खारी टाकत नाहीत हे सासूबाईंना समजत नव्हतं असं नाही, पण जन्माची सवय. मीही हसायचे. नवी सून होते, घरातले हसले की आपणही हसायचं एवढं कळत होतं.

आमचं खेडं धानोऱ्याजवळचं. गावातला पहिला स्लॅब माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी टाकला. त्याआधीचं धाब्याचं घर एका पावसाळ्यात बसलं. माणसं वाचली, एक म्हैस गेली. त्या वर्षी सासूबाईंनी खारी नीट टाकली नाही म्हणून घर बसलं, असं अख्खं गाव सांगायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या आठवड्यातच पाणी भरताना मला ही गोष्ट दोघीतिघींनी सांगितली. सासूबाई त्यावर कधी काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. स्लॅबच्या दिवशी मात्र आप्पांनी गावाला जिलेबी घातली होती, आणि ती जिलेबी खाल्लेले लोक अजून तिची चव सांगतात.

आता माझ्याबद्दल. माझं माहेर तळोद्याचं, वीटभट्टीचं. लहानपणी आमच्या अंगणात खेळायला जागा नसायची, विटाच विटा. भट्टी लागली की किती लाकूड, किती कोळसा, किती तूस पोटात घालते ते मी डोळ्यांनी पाहिलंय. धूर कोणत्या बाजूला जाणार यावर आई कपडे वाळत घालायची. पुढे मी धुळ्याला सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि लग्नानंतर घरीच टेबल टाकून घरांचे नकाशे काढू लागले. आमच्या आणि आजूबाजूच्या गावांतली निम्मी घरं माझ्या हातच्या कागदावरून उभी राहिली आहेत. सगळी स्लॅबची. लोकांना दुसरं काही नकोच असतं. मुलीकडचे घर बघायला येतात तेव्हा पहिल्यांदा वर बघतात.

सासूबाई गेल्या आणि पुढे, दोन वर्षांपूर्वी, आप्पांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण जिना कायमचा बंद झाला. आमच्याकडे उन्हाळ्यात रात्री सगळं गाव गच्चीवर झोपतं, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खाली आग ओकतो. आप्पांना गच्ची बंद, म्हणून ते खाली, स्वतः टाकलेल्या स्लॅबच्या बरोबर पोटाखाली. कूलर लावला की त्या ओल्या वाऱ्याने त्यांची छाती भरून यायची. कूलर बंद केला की जीव कासावीस. दुपारी वीज गेली की दोन्ही प्रश्न मिटायचे आणि तिसरा उभा राहायचा. मी स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात मारला, ज्वारीचा कडबा पसरला, खिडक्यांना ओली पोती लावली. थोडा फरक पडला. थोड्याने भागलं नाही. वैशाखातल्या एका दुपारी आप्पांना ऊन लागलं आणि ते आम्हाला ओळखेनात. नंदुरबारच्या डॉक्टरांनी त्यांना वाचवलं आणि आम्ही निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं, की असा आणखी एक उन्हाळा त्या खोलीत काढायला लावाल तर मला पुन्हा दाखवायला आणायची गरज पडणार नाही.

डॉक्टर सरळ बोलले ते बरं झालं. घरी येताना मी जीपमध्ये ठरवून टाकलं की पुढच्या वैशाखाच्या आत आप्पांसाठी दुसरी खोली उभी राहणार, आणि ती धाब्याची असणार.

हे माझ्या डोक्यात हवेतून आलं नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एक धाब्याचं घर अजून शिल्लक आहे. त्याच आठवड्यात मी तिथे भर दुपारी विरजण मागायला गेले होते. आत पाऊल टाकलं आणि मानेवरचा घाम थांबला. घरातली बाई पंखा न लावता तांदूळ निवडत बसली होती. मी इतक्या वर्षांत त्या घरी शंभर वेळा गेले असेन, पण गरज पडल्याशिवाय डोळे उघडत नाहीत. जाड मातीची भिंत आणि वर हातभर माती, ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते, एवढा साधा हिशोब. मी डिप्लोमाच्या परीक्षेत तो लिहून मार्कही मिळवले होते.

या प्रकाराला आता शहरात कमी कार्बनचं बांधकाम म्हणतात. त्यावर भाषणं होतात, मोठ्या शहरातले लोक मातीच्या घरात सुट्टी घालवायला पैसे देऊन जातात. सिमेंट बनवायला चुनखडी भाजावी लागते, तिला कोळसा लागतो, वर त्या दगडातूनही वायू सुटतो आणि ती सगळी उष्णता फिरून आपल्याच डोक्यावर येते, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. आमच्या गावात मात्र मातीच्या घराला एकच नाव आहे, गरिबी. आणि गरिबीचा नकाशा काढायला माझ्याकडे कोणी येत नाही.

पावसाळा सरताना घरात विषय काढला तेव्हा माझे जेठ, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ दादा, नंदुरबारहून आले होते. आमच्याकडे जेठ भावजयीशी थेट बोलत नाहीत. जुनी रीत आहे, बाकीच्या घरांतून गेली, आमच्याकडे राहिली. त्यामुळे आम्ही दोघं एकाच खोलीत बसून नवऱ्यामार्फत भांडलो.

"तिले सांग," दादा म्हणाले, "लोके काय म्हनतीन? दोन पोरे शेतस, स्लॅबनं घर शे, आनि बापले गोठाम्हा टाकं म्हनतीन."

जागा गोठ्याची होती हे खरं. गुरं विकल्यापासून ती मोकळीच पडली होती, वर लिंबाची सावली होती. मी नवऱ्याकडे बघून म्हटलं, "तुम्हना भाऊले सांगा, लोके दुपारले या खोलीम्हा झोपाले येतस का?"

नवरा बिचारा एकदा इकडे बघत होता, एकदा तिकडे. तो स्वभावाने गरीब आहे आणि बापावर त्याचा फार जीव आहे. त्याने विचारलं, "आप्पाले इचारं का तू?"

विचारलं नव्हतं. तेव्हा विचारलं. आप्पा खाटेवर पडून सगळं ऐकतच होते. त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "मी हाई घर मातीमाईन बाहेर काढं. आते तू माले परत मातीम्हा घाली ऱ्हायनी."

"मातीम्हा नही आप्पा, सावलीम्हा," मी म्हटलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि त्यानंतर जवळजवळ सगळा हिवाळा माझ्याशी बोलले नाहीत. औषध माझ्या हातून घ्यायचे, ताट माझ्याकडून घ्यायचे, पण बोलणं बंद. मला वाईट वाटत होतं, आणि रागही येत होता. माणसाला जगवायला निघालं तर तो तोंड फिरवतो. पण मी वीटभट्टीवरची पोर आहे. लागलेली भट्टी कोणी रुसलं म्हणून विझवत नाहीत.

दिवाळी झाल्यावर मी तळोद्याला गेले. भावाने भट्टी लावायच्या तयारीत विटा रचून ठेवल्या होत्या. मी त्याला म्हटलं, मला विटा हव्यात, पण न भाजलेल्या. त्याला वाटलं मी थट्टा करते.

"ताई, कच्ची वीट लीसन काय करशी? पानी लागनं का चिखल व्हई जाई."

"मी पानी लागू देसू तव्हय ना," मी म्हटलं.

तो मजुरांकडे बघून हसला आणि म्हणाला की अख्ख्या जिल्ह्यात भट्टीच्या दारातून कच्ची वीट मागून नेणारी तूच पहिली. मजूरही हसले. ते धडगावकडून उतरलेले लोक होते. त्यांच्यातल्या एका बाईने मला विचारलं की आमच्याकडे वर डोंगरात कुडाच्या भिंती काढून पत्रे घातले जाताहेत आणि तुम्ही खाली सपाटीवर माती मागता, असं उलटं का? मी तिला विचारलं, पत्र्याखाली झोप लागते का? ती म्हणाली, नाही, लिंबाखाली लागते. मग आम्ही दोघी हसलो आणि तिने ट्रॉली भरायला हात लावला.

ट्रॉली तापीच्या पुलावरून धक्के खात आली. पुष्कळ विटा फुटल्या. नवऱ्याचा चेहरा उतरला. मी फुटक्या विटा एका खड्ड्यात टाकायला लावल्या, त्यावर पाणी सोडलं आणि त्यांचाच गारा केला. भाजलेली वीट फुटली की कचरा, कच्ची फुटली की पुन्हा माती. हे मी नवऱ्याला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा त्याने मान हलवली.

छपराला लाकूड हवं होतं. ते घरातच होतं. जुन्या घराचे सागाचे सर, म्हणजे छपराच्या मुख्य तुळया, परसात कपाशीच्या पऱ्हाटीच्या ढिगाखाली इतकी वर्षं पडून होते. घर बसलं तेव्हा बरेच सडके निघाले, चांगले राहिले ते आप्पांनी विकले नाहीत आणि वापरलेही नाहीत. कोणी मागायला आलं की म्हणायचे, पडू द्या. मी ते उपसून काढले, कीड बघितली, ठोकून बघितले. एका सराला लोखंडी कडी होती. तिला पाळणा बांधत असत, नवऱ्याने सांगितलं. तो आणि दादा दोघं त्याच कडीखाली वाढले.

पायाला काळा दगड, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत भाजक्या विटा, कारण ओल खालून चढते, आणि त्याच्यावर कच्च्या विटांची दीड हात जाड भिंत. गावातलाच गवंडी सांगितला होता. त्याचा माझ्यावर विश्वास होता, कारण माझ्या नकाशांवर त्याचं घर चालायचं. मातीवर मात्र नव्हता. एक दिवस गाऱ्याचा रंग मला वेगळा दिसला. हातात घेऊन चोळला, तर सिमेंट. मी विचारलं तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "थोडंच टाकं ताई. जीवले बरं वाटस."

"तुम्हना जीवले लावा, भीतले नका लावू," मी म्हटलं आणि सकाळपासूनचे थर उतरवायला लावले. आमच्या भागात सिमेंटचं हिंगासारखं झालंय. चिमूटभर तरी पाहिजेच, त्याशिवाय स्वयंपाक झाल्यासारखा वाटत नाही. गवंडी दोन दिवस फुरंगटून बसला. तिसऱ्या दिवशी आला आणि भिंत चढवताना एका बाजूने पोट काढून ठेवलं. तीही मी उतरवली. गावात तोवर माझं नाव झालं होतं. स्लॅबचे नकाशे काढणारी बाई स्वतः चिखल खेळते म्हणून बायका सहज फिरायला यायच्या आणि भिंतीला बोट लावून जायच्या. हिवाळाभर माझ्याकडे नवा नकाशा काढायला एकही माणूस आला नाही. हे मला झोंबलं. पण तेव्हा रोज सकाळी मी आप्पांना बाहेर ओट्यावर आणून बसवत होते, आणि त्यांचे पाय किती बारीक झालेत ते दिसत होतं. ते पाहिलं की नकाशांचं दुःख मागे पडायचं.

होळी झाली आणि धाबं घालायचा दिवस आला. सर चढले होते, त्यावर बारीक वासे, वाशांवर आडव्या फळकुटांचं दाट किलचन, त्यावर उधई, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला आणि पाल्यावर साधी माती दाबून बसवलेली. मधोमध एक साणं ठेवलं होतं, छपरातलं भोक, गरम हवा वर निघून जायला. पाऊस आला की त्याच्यावर पालथं मडकं ठेवायचं. आता फक्त खारी राहिली होती. नाल्याच्या काठावर चांगली खारी निघते. मी सकाळीच ट्रॅक्टर घेऊन गेले, कारण खारी म्हणून कोण काय भरून आणील याचा भरवसा मला नव्हता.

परत आले तेव्हा अंगणात दादांची पिकअप उभी होती. सिमेंटची पोती उतरलेली, वाळूचा ढीग, आणि नवरा फावडं घेऊन कोबा कालवायला लागला होता. गवंडी लांब उभा राहून माझ्या येण्याची वाट बघत होता, म्हणजे मार कोणाला पडतो ते कळावं.

"काय हे?" मी विचारलं.

नवरा म्हणाला, "वरथून एक हात सिमिटना. खाले मातीच ऱ्हाई. फक्त वरथून. गळाले नको."

त्याच्या डोळ्यांत खरंच काळजी होती आणि म्हणूनच मला जास्त राग आला. वाईट हेतूने कोणी चूक केली तर भांडता येतं. मी त्याच्या हातातलं घमेलं घेतलं आणि उपडं केलं. मी म्हटलं, सिमेंटला तडा जाणार, तड्यातून पाणी आत जाणार, आत गेलेलं पाणी वर वाळणार नाही आणि लाकूड कुजणार. मी दहा वेळा सांगितलं होतं.

दादा आभाळाकडे बघून म्हणाले, "तिले सांग, पुस्तकम्हाईन घर बांधाई जात नही. आम्हनं जुनं घर खारीपायीच बसनं व्हतं."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याआधी ओट्यावरून आवाज आला.

"सिमिट नका टाका."

आप्पा. इतक्या महिन्यांत मी त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. सगळे तिकडे वळले. ते खाटेच्या काठाला धरून अर्धे उठले होते.

"मी टाकेल व्हतं," ते म्हणाले. "त्या सालले. नंदुरबारथून दोन पोता आनीसन धाबावर थापं. दर सालले खारीनं झंझट नको म्हनीसन. तुम्हनी मायनी सांगेल व्हतं, नका टाका, खालनं लाकूड सडी जाई. मी आयकं नही."

आप्पांना दम लागला होता. ते थांबले आणि पुन्हा बोलले, या वेळी हळू.

"घर बसनं. गावनी तिन्हं नाव लिनं. मी लेऊ दिनं."

मला एकदम सासूबाई दिसल्या, अंगणात उभ्या राहून वर बघणाऱ्या. आम्ही सगळे हसत होतो आणि आप्पाही आमच्यात बसलेले असायचे. ते हसायचे की नाही, हे मी आठवून बघितलं. मला आठवलं नाही. म्हातारीने मरेपर्यंत एक शब्द काढला नाही. मला तेव्हा आप्पांचा संताप आला, खोटं कशाला सांगू. अशा माणसासाठी मी हिवाळाभर चिखलात उभी होते असं वाटलं. मग ते खाटेवर परत टेकले आणि उपरण्याने डोळे पुसू लागले. ते इतका वेळ पुसत राहिले की माझा संताप टिकला नाही.

दादा पिकअपला टेकून उभे होते. त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटात घातले आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. मग माझ्यासमोर येऊन, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, माझ्याकडे बघून बोलले.

"खारी कितली जाड टाकनी पडी?"

"चार बोटं," मी म्हटलं.

"चार नही," ओट्यावरून आप्पा म्हणाले. "सहा. पहिला सालले सहा."

त्या दिवशी आप्पांनी ओट्यावरून आम्हा सगळ्यांना अक्षरशः राबवलं. टोपली कुठे ओतायची, उतार पन्हाळीकडे कसा न्यायचा, पाणी किती शिंपडायचं, पायांनी तुडवताना टाच लावायची की चवडा. गवंड्याचंही काही चाललं नाही आणि माझंही नाही. एकदा मी उताराबद्दल बोलायला गेले तर म्हणाले, "तुन्हा कागद खाले ठेव." हे सहा महिन्यांत मला उद्देशून निघालेलं पहिलं वाक्य होतं. दोन्ही भाऊ शेजारी शेजारी धाबं तुडवत होते आणि खाली पाळण्याची कडी हलत होती. सिमेंटची पोती दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एकांच्या शौचालयाच्या टाकीला गेली. तिथे ते लागतंच. सिमेंटशी माझं वैर नाही, त्याने आपली जागा ओळखून राहावं एवढंच.

एवढं झाल्यावर आप्पा खोलीत जातील असं कोणालाही वाटेल. ते गेले नाहीत. भिंती वाळल्या, शेणमातीचा गिलावा झाला, चुन्याचा हात झाला. मी रोज विचारायचे, ते रोज म्हणायचे, "देखसू." चैत्र संपला. मी भांडून बघितलं, गोड बोलून बघितलं. नवरा म्हणाला, उचलून ठेवू का? मी नको म्हटलं. स्वतःच्या हाताने टाकलेल्या स्लॅबखालून माणसाने स्वतः निघायला हवं, असं मला वाटत होतं. पण आतून मी घाबरले होते. वैशाख लागला होता आणि डॉक्टरांचं बोलणं कानातून जात नव्हतं.

मग ती दुपार आली. वीज सकाळीच गेली होती. घरातल्या भांड्यांनाही हात लावला की चटका बसत होता. आप्पांचा श्वास वर वर चालला होता आणि ओठ पांढरे पडले होते. मी ओला कपडा त्यांच्या कपाळावर ठेवत होते, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"मन्ही खाट हालावा," ते म्हणाले.

नवऱ्याने आणि मी खाट उचलली. अंगण ओलांडताना तळपाय भाजले, चपला घालायचं सुचलं नव्हतं. धाब्याच्या खोलीत खाट टेकवली, दार लोटलं. आत काही विशेष नव्हतं, नुसता अंधुक उजेड आणि साण्यातून पडलेला उन्हाचा एक तुकडा. आप्पा वर बघत राहिले. त्यांची नजर सरावरून फिरत त्या कडीवर थांबली. पुष्कळ वेळ ते तिकडेच बघत होते. हळूहळू श्वास खाली उतरला आणि ते झोपले. घोरायला लागले.

मी उंबऱ्यावर बसून रडले. हिवाळाभर साठवून ठेवलेलं सगळं तेव्हा बाहेर आलं. नवरा शेजारी येऊन बसला आणि मला हातपंख्याने वारा घालायला लागला. त्या खोलीत वाऱ्याची गरज नव्हती, पण मी त्याला घालू दिला.

तो उन्हाळा आप्पांनी काढला. पावसाळ्यात साण्याच्या कडेने पाणी गळलं, तेव्हा ओट्यावर बसून त्यांनी मला मनसोक्त टोमणे मारले आणि खारी लावून घेतली. गावात फार काही बदललं नाही. स्लॅबच्या नकाशांना लोक पुन्हा यायला लागले, मीही काढते, पोट आहे. फक्त आता प्रत्येकाला विचारते की घरात म्हातारं माणूस कुठे झोपणार. बरेच जण विषय बदलतात. एका घराने धाब्याची एक खोली मागितली आहे, आजीसाठी, पण मागच्या बाजूला, रस्त्यावरून दिसणार नाही अशी. मी म्हटलं, मागे तर मागे. आणि पाणी भरताना एका नव्या सुनेला कोणी जुन्या घराची गोष्ट सांगायला लागलं, तेव्हा मी हंडा खाली ठेवला आणि ती गोष्ट जशी झाली तशी सांगितली. आता पाणवठ्यावर ती तशीच सांगतात.

यंदा मृग जवळ आला तेव्हा मी कामात बुडालेली होते. दोन नकाशे द्यायचे होते, एक मोजणी राहिली होती. अंगणातून घाईने जात होते. धाब्याच्या खोलीचं दार उघडं होतं. आतून आप्पा खाटेवर उठून बसले, वर बघितलं आणि मोठ्याने विचारलं,

"खारी टाकी का व?"

कोणी हसलं नाही. मी कागद ओट्यावर ठेवले आणि टोपलं उचललं.